ली हुआला बोलतं कोण करणार? ब्रिटनमधल्या विद्यापीठांना खुलं पत्र

माननीय कुलगुरू आणि प्रवेश विभागप्रमुख,
ब्रिटनमधली सर्व विद्यापीठं

सादर नमस्कार.

चीनमधून शाळा संपवून येणाऱ्या मुलांकडे आपल्यापैकी बरेच जण आता आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मागत नाहीत. गाओकाओमधले, म्हणजे तिथल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेतले, इंग्रजीचे गुण पाहतात. १५० पैकी ११५-१२० च्या पुढे आकडा असला की भाषेची अट पूर्ण झाली असं फाइलवर लिहून मोकळे होतात. गाओकाओचे गुण धरण्याला माझा विरोध नाही. उलट मी त्याच्या बाजूची आहे, का ते पुढे सांगते. माझं भांडण त्याच्या मागोमाग आलेल्या निर्णयाशी आहे. मी जिथे शिकवते तिथे या मुलांसाठी सप्टेंबरआधी चालणारा इंग्रजीचा तयारी वर्ग आधी ऐच्छिक झाला, मग त्याचे तास निम्मे झाले आणि आता तो बंद केला आहे. कारण एका ओळीत कळवलं गेलं: भाषेची अट ज्यांनी पूर्ण केली आहे त्यांना भाषेच्या वर्गाची गरज नाही.

कागदावर हे बिनतोड दिसतं. वर्गात येऊन दहा मिनिटं बसलात तर पटणार नाही.

आमच्या विभागानं यावर रीतसर, इंग्रजीत, योग्य त्या समितीपुढे निवेदन दिलं होतं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. इतर विद्यापीठांतल्या ओळखीच्या शिक्षकांशी बोलले तर त्यांच्याकडेही थोड्याफार फरकानं हीच कहाणी. म्हणून हे पत्र एका विद्यापीठाला न लिहिता सगळ्यांना लिहितेय. आणि मराठीत लिहितेय, कारण महाराष्ट्रातल्या पालकांनीही ते वाचावं असं वाटतं. त्यांच्या मुलांनाही आपण जवळपास याच दारानं आत घेता. त्याबद्दल शेवटी येईलच.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. बारावीला इंग्रजीत चांगले गुण, पण कुणी समोर उभं राहून इंग्रजीत नाव-गाव विचारलं की घसा कोरडा, ही अवस्था मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पुढे ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, मग इथे आले. आता चिनी मुलांना विद्यापीठाच्या वर्गासाठी तयार करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. वर्ग बंद झाल्यानं माझेही तास गेले, हे लपवत नाही. यात तुम्हाला माझा स्वार्थ दिसला तर दिसू दे. मुद्दे तेवढ्यानं खोटे ठरत नाहीत.

गाओकाओचे गुण आपण मोजता, पण ती परीक्षा कशासाठी आहे याचा विचार झालेला दिसत नाही. सांस्कृतिक क्रांतीत, १९६६ साली ती बंद पडली आणि १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. त्या पहिल्या खेपेला सुमारे ५७ लाख जण बसले आणि जागा होत्या पावणेतीन लाखांच्या आत. इंग्रजीचे गुण सुरुवातीला पूर्ण धरतही नव्हते. १९८० मध्ये ३० टक्के, पुढच्या वर्षी ५०, मग ७०, आणि १९८३ पासून पूर्ण. २०२४ मध्ये या परीक्षेला १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं. ७ जूनला ती सुरू होते, ८ तारखेला दुपारी इंग्रजीचा पेपर. केंद्राच्या आसपासची बांधकामं थांबवतात, गाड्यांना हॉर्न वाजवू देत नाहीत. एवढा बंदोबस्त असतो तो कुणाला कुठल्या विद्यापीठात जागा मिळणार हे ठरवण्यासाठी. मुलांना रांगेत पुढे-मागे लावणं हे या परीक्षेचं काम, आणि ते ती चोख करते. इंग्रजीत या मुलाचं निभेल का, हा तिचा प्रश्नच नाही.

पेपर कसा असतो तेही पाहू. बहुतेक प्रांतांत चालणाऱ्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत ऐकण्याला ३० गुण, वाचनाला ५०, गाळलेल्या जागा आणि व्याकरणाला ३०, लेखनाला ४०. लेखनातले १५ गुण एका छोट्या पत्राला. हे पत्र मुलं स्वतःच्या नावानं लिहीत नाहीत. ‘समजा तू ली हुआ आहेस’ असं प्रश्नात दिलेलं असतं. हा ली हुआ गेली तीसेक वर्षं परदेशी मित्राला पत्र लिहितोय. कधी त्याला चहाच्या समारंभाला बोलावतो, कधी चिनी चित्रकलेच्या वर्गाची वेळ कळवतो, कधी स्पर्धेतला निबंध तपासून द्यायची विनंती करतो. सगळं ऐंशीएक शब्दांत. चीनमधल्या कुठल्याही शाळकरी मुलाला ली हुआ म्हटलं की हसू येतं, कारण प्रत्येक जण कधी ना कधी ली हुआ होऊन गेलेला असतो. उरलेले २५ गुण गोष्ट पुढे नेण्याचे. अर्धवट गोष्ट दिलेली असते, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यंही दिलेली असतात, उरलेलं मुलांनी रचायचं.

या गोष्टी लिहायला मुलं कशी शिकतात हे मी वह्यांमधून पाहते. हपै प्रांतातल्या हंगश्वे या शहरातल्या एका शाळेच्या नावानं ओळखलं जाणारं अक्षर चीनभर गिरवलं जातं. गोल, सुटं, एकसारख्या उंचीचं, छापल्यासारखं. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासल्या जातात, तपासणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून हा खटाटोप. पहिल्यांदा एका मुलीची वही हातात आली तेव्हा मला ते प्रिंटआउटच वाटलं. कागद तिरका धरून शाईचा दाब पाहिला तेव्हा खात्री पटली. त्या अक्षरात लिहिलेला परिच्छेदही तसाच नेटका: डोळ्यांत पाणी तरळलं, छातीत धडधड वाढली, ढगांतून ऊन सांडलं. प्रत्येक वाक्य पाठ केलेलं आणि प्रत्येक वाक्य बरोबर. याला मी नावं ठेवणार नाही. सतरा वर्षांच्या मुलीनं परक्या भाषेत एवढं पाठ करून योग्य जागी बसवणं ही मेहनत आहे आणि तिला मान आहे.

आता तक्रारींकडे येते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार बोलण्याबद्दल. ब्रिटनच्या होम ऑफिसचा, म्हणजे गृहखात्याचा, नियम आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पदवीच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्या विद्यार्थ्याचं इंग्रजी युरोपीय भाषा-मोजपट्टीवर बी-२ पातळीचं हवं, आणि तेही वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं या चारही अंगांत, प्रत्येकात स्वतंत्रपणे. ती कशी तपासायची हे ठरवण्याची मुभा सरकारनं आपल्याला, विद्यापीठांना, दिलेली आहे. विश्वासानं दिलेली आहे. आता गाओकाओत बोलणं किती तपासलं जातं ते बघा. बीजिंगमध्ये २०२१ पासून १५० पैकी ५० गुण ऐकण्या-बोलण्याला आहेत, त्यातले २० बोलण्याचे. शांघायमध्ये बोलण्याला १०. ग्वांगदोंगमध्ये ऐकणं-बोलणं मिळून २० गुण. तिथे मूल हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसतं, दाखवलेल्या चित्रफितीतल्यासारखं वाचून दाखवतं, ठरलेले प्रश्न विचारतं, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगतं. समोर माणूस नसतो. बाकीच्या बहुतेक प्रांतांत एकूण गुणांत बोलण्याचा एकही गुण नसतो. हेनानमध्ये तर वर्षानुवर्षं ऐकण्याचे गुणही एकूण गुणांत धरले जात नव्हते.

म्हणजे बीजिंगच्या मुलाचे १२० आणि हेनानच्या मुलाचे १२० हे वेगवेगळ्या गोष्टींचे गुण आहेत. आपल्या प्रवेशपत्रिकेत मात्र एकच आकडा, एकच रकाना. प्रांत कुठला हे विचारायची तसदीही कुणी घेत नाही. ज्या मुलीनं परीक्षेत एक शब्द उच्चारलेला नाही तिचं बोलणं बी-२ आहे, हे आपण कशाच्या आधारावर लिहून देता? सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे म्हणून पाणी गोडच असणार, असं सांगण्यातला हा प्रकार आहे.

यात आणखी एक गंमत आहे, म्हणजे ज्याला भोगावी लागते त्याला ती गंमत वाटत नाही. चिनी मूल थेट पदवीला न येता आधी वर्षभराच्या फाउंडेशन कोर्सला आलं, तर तो पदवीच्या खालचा अभ्यासक्रम. त्याला सरकारमान्य सुरक्षित परीक्षा द्यावीच लागते, तीत बोलण्याची परीक्षा असते आणि तिथली किमान पातळी बी-१, म्हणजे एक पायरी खालची. थोडक्यात, ज्याला वर्षभर हाताला धरून शिकवणार आहात त्याचं बोलणं तपासता आणि ज्याला थेट लेक्चर हॉलमध्ये बसवणार आहात त्याचं तपासत नाही.

दुसरी तक्रार आकड्यावरच्या आंधळ्या विश्वासाची. २०१८ च्या नोव्हेंबरात जज्यांग प्रांतात काय घडलं हे आपल्या चीनमधल्या कार्यालयांना नक्की माहीत असणार. त्या प्रांतात इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्या खेपेचा पेपर आधीपेक्षा अवघड गेला म्हणून परीक्षा मंडळानं काही प्रश्नांचे गुण गुपचूप वाढवून दिले. निकाल लागल्यावर पालकांना हिशेब जुळेना. ज्यांना चांगलं लिहिता आलं होतं ती मुलं मागे पडली आणि अधली-मधली पुढे सरकली. पालक रस्त्यावर आले. प्रांत सरकारनं चौकशी केली, डिसेंबरच्या सुरुवातीला हा निर्णय चुकीचा असल्याचं जाहीर केलं, मूळ गुण परत लावले आणि प्रांताच्या शिक्षण विभागाच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. चीनमधल्या पालकांनी हा आकडा देवाघरून आलेला मानला नाही. त्यांनी तो हलवला. आणि आपण त्याच आकड्यावर तीन वर्षांच्या शिक्षणाची इमारत बांधता, तेही पाच-दहा गुणांच्या फरकानं अमुक विद्यार्थी ‘भाषेत सक्षम’ आणि तमुक ‘अक्षम’ ठरवून.

पुढचं तर अजून अवघड होत जाणार आहे. २०२१ मध्ये चीननं नफ्यासाठी चालणारे शालेय विषयांचे खासगी क्लास बंद केले. इंग्रजीच्या शिकवण्यांवर उभी राहिलेली न्यू ओरिएंटलसारखी कंपनी त्यानंतर कॅमेऱ्यासमोर तांदूळ आणि फळं विकू लागली. त्याच वर्षी शांघायनं प्राथमिक शाळेच्या तिसरी ते पाचवीच्या अंतिम परीक्षेतून इंग्रजी काढलं. २०२२ च्या अभ्यासक्रमानं परकीय भाषेला एकूण तासांपैकी ६ ते ८ टक्के वाटा ठेवला. मुलांवरचा बोजा उतरवायचा हा हेतू मला पटतो. आपल्याकडच्या क्लासवाल्यांचा धंदा पाहिलेल्या कुणालाही तो पटेल. पण तेव्हा पाचवीत असलेली शांघायची मुलं २०२९ मध्ये गाओकाओ देतील. आपली अट तेव्हाही ‘१२०’ हीच असणार का? पैसेवाल्यांनी घरी शिकवणी लावलेली असेलच, ती कुठे थांबलेली नाही. बाकीच्यांचं काय?

तिसरी तक्रार लिहिताना मला राग आवरावा लागतो, म्हणून सावकाश लिहिते. ही मुलं वर्गात येतात आणि गप्प बसतात. सेमिनारमध्ये आठ जणांच्या टेबलावर तीन जण बोलतात, पाच जण फोनवर चालू असलेलं भाषांतर वाचत असतात. शिक्षकाचं वाक्य संपून स्क्रीनवर चिनी अक्षरं उमटेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. गटात काम करायचं म्हटलं की स्थानिक मुलं कुरकुरतात, चिनी मुलं आपला भाग लेखी पाठवून देतात. हे सहा-आठ आठवडे चालतं. मग पहिली असाइनमेंट येते.

गेल्या वर्षी माझ्या ओळखीतल्या एका मुलीला शैक्षणिक गैरवर्तनाच्या समितीपुढे बोलावलं गेलं. हेनानची, गाओकाओत इंग्रजीला १३१. तिच्या निबंधातली काही वाक्यं तिच्या इतर लिखाणापेक्षा फारच सफाईदार होती, म्हणून दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहून घेतल्याचा संशय. ती वाक्यं कुठली ते मी पाहिलं. निम्मी शाळेत पाठ केलेल्या साच्यातली होती, ‘एकीकडे हे, दुसरीकडे ते, सरतेशेवटी’ या धाटणीची. उरलेली तिनं चिनीत विचार करून भाषांतराच्या ॲपमधून काढली होती. हे आपल्या नियमांत बसतं की नाही यावर वाद होऊ शकतो आणि तो व्हायलाही हवा. पण समितीत तिला प्रश्न विचारले गेले ते झपाट्यानं, तिघांकडून, उत्तर इंग्रजीत द्यायचं. ती म्हणत राहिली, ‘येस, सॉरी’. कबुली म्हणून ते नोंदवलं गेलं. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं की त्यांनी नक्की काय विचारलं. फाइलमध्ये मात्र आपल्याच शिक्क्यानं लिहिलेलं आहे की हिचं बोलणं आणि ऐकणं बी-२ आहे.

तिनं ही अट स्वतः घातली नव्हती. तिनं आपण मागितलं ते दिलं.

चौथी गोष्ट पैशाची, आणि ती थोडक्यात संपते. इंग्लंडमध्ये ब्रिटिश विद्यार्थ्याची फी सरकारनं २०१७ पासून ९,२५० पाउंडांवर रोखून धरली, २०२५ मध्ये ती ९,५३५ झाली. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला वरची मर्यादा नाही. चीनमधले सुमारे दीड लाख विद्यार्थी इथे शिकतात, आणि त्यांच्या फीतून आपली गळकी छतं दुरुस्त होतात हे आता आपलं गुपित राहिलेलं नाही.

मग मी गाओकाओच्या बाजूची का? कारण आयईएलटीएसही काही धुतल्या तांदळासारखी नाही. चीनमध्ये तिची फी दोन हजार युआनहून जास्त, केंद्रं मोठ्या शहरांत. ग्वेइचौच्या डोंगरातल्या तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या मुलानं आदल्या दिवशी रेल्वे पकडून, हॉटेलात राहून ती द्यायची, आणि अर्धा गुण कमी पडला की पुन्हा तोच सगळा खर्च. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेल्या प्रश्नांचे संग्रह चिनी मुलांमध्ये फिरतात, बोलण्याच्या परीक्षेचे विषय दर चार महिन्यांनी बदलले की नव्या याद्या आणि नवी पाठ उत्तरं तयार. अकरा ते चौदा मिनिटं माणसासमोर बोलणं होतं, एवढा तिचा फायदा खरा. पण ज्यांच्या घरी पैसे आहेत ती मुलं या परीक्षेला पाच-पाच वेळा बसतात. गाओकाओ निदान सगळे घरच्या जवळ, वेगळा खर्च न करता देतात. बारा वर्षं सरकारी शाळेत केलेल्या अभ्यासाला किंमत द्यायचं आपण ठरवलंत, ते योग्यच केलंत. २०२० मध्ये साथीमुळे चीनमधल्या आयईएलटीएस-टोफेलच्या परीक्षा महिनोन्‌महिने रद्द झाल्या तेव्हा हा दरवाजा किती गरजेचा आहे हे कळलंच होतं. म्हणून माझं म्हणणं असं: गाओकाओनं प्रवेश द्या, पण गाओकाओत जे तपासलं गेलं नाही ते शिकवण्याची जबाबदारी त्याच क्षणी आपल्यावर येते, ती घ्या.

परीक्षेत गफलत झाली की तिची किंमत कोण मोजतं, याचा अनुभव या देशाला नवा नाही. २०१४ मध्ये टोइक या इंग्रजीच्या परीक्षेतल्या गैरप्रकारांवर बीबीसीनं प्रकाश टाकला. परीक्षा घेणाऱ्या कंपनीनं मग ब्रिटनमध्ये झालेल्या परीक्षांपैकी तब्बल ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या, आणि सरकारनं हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यात भारतीय मुलं मोठ्या संख्येनं होती. काही खरोखर दोषी असतील. पण उत्तम इंग्रजी बोलणारी मुलंही वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली. परीक्षेची व्यवस्था कुणी निवडली होती, हा प्रश्न कुणी स्वतःला विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता महाराष्ट्रातल्या पालकांसाठी. इथली बरीच विद्यापीठं भारतातल्या बारावीचे इंग्रजीचे गुणही आयईएलटीएसऐवजी धरतात, काही ठिकाणी त्यात आपलं राज्य मंडळही येतं. आपल्या बारावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी, २० तोंडी. ती तोंडी परीक्षा कॉलेजातच होते. ती कशी होते हे मी ज्युनिअर कॉलेजात शिकवलेलं असल्यानं सांगायला नको, आणि वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती स्वतः दिलेलीही आहे. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, चीनमध्ये २००१ पासून तिसरीपासून. वीस वर्षांहून जास्त काळ दोन्हीकडे शिकवून झालं, तरी दोन्हीकडची मुलं वर्गात हात वर करायला कचरतात. तेव्हा ‘आमच्या मुलांचं इंग्रजी चिन्यांपेक्षा बरं’ असं म्हणून हे पत्र बाजूला ठेवू नका. एजंट प्रवेश निश्चित झाल्याची बातमी देईल तेव्हा त्याला विचारा की पहिल्या वर्षी भाषेसाठी विद्यापीठ काय देतं, आणि त्याचं कमिशन कोण भरतं.

विद्यापीठांकडे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे.

गाओकाओचे गुण धरताना प्रांत विचारा, आणि त्या प्रांतात बोलण्याचे गुण होते की नाही याची नोंद ठेवा. ही माहिती परीक्षा मंडळं जाहीर करतात, ती मिळवायला संशोधन लागत नाही.

निकाल जूनच्या शेवटच्या आठवड्यात लागतो. आपलं सत्र सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं. मधल्या अडीच-तीन महिन्यांत प्रत्येक मुलाशी पंधरा मिनिटं प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर बोला. बोलणारा माणूस असावा, सॉफ्टवेअर नको. या संभाषणावरून कुणाचाही प्रवेश रद्द करू नये. कुणाला किती मदत लागेल एवढंच त्यातून ठरावं. चीननं २०१८ मध्ये इंग्रजीच्या क्षमतेचे नऊ स्तर ठरवून जाहीर केले आहेत आणि २०१९ मध्ये आयईएलटीएसचे गुण त्यांच्याशी जोडून दाखवले गेले आहेत. नवी मोजपट्टी बनवायची गरजही नाही.

तयारीचा वर्ग पुन्हा सुरू करा. वेगळी फी न घेता. आणि पहिल्या वर्षभर तो वेळापत्रकात ठेवा, संध्याकाळी सहानंतर रिकाम्या इमारतीत नको, जिथे फक्त आधीच बरं बोलणारे येतात.

गैरवर्तनाच्या समितीपुढे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेत उत्तर देण्याची सोय द्या. दुभाषी विद्यापीठानं आणावा, विद्यार्थ्याच्या मैत्रिणीला बसवू नये.

गाओकाओवर आलेले, आयईएलटीएसवर आलेले आणि फाउंडेशन करून आलेले, यांचे पहिल्या वर्षाचे निकाल वेगवेगळे जाहीर करा. माझं म्हणणं चुकीचं असेल तर या आकड्यांत ते उघड होईल आणि मी ते मान्य करीन. बरोबर असेल तर आपल्याला वर्ग बंद ठेवता येणार नाही.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या अटी आपण लवकरच छापाल. पुढची गाओकाओ ७ जूनला आहे. ज्या मुलांना त्या अटी लागू होणार आहेत ती आत्ता शाळेत ली हुआच्या नावानं पत्रं लिहिताहेत. अटी छापून जाण्याआधी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावं. आमच्या विभागाला पोच दिलीत तशी पोच नको.

आपली,
आपल्याच एका विद्यापीठातली इंग्रजीची शिक्षिका